धुतलेली वेटोळी

संग्रहालयात तिला सगळे ब्रशबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण चुकीचं नव्हतं. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम तीन-चार ब्रश खोचलेले असायचे. एक दात घासायचा जुना, एक रंगाऱ्याचा, एक अगदी मऊ केसांचा. बोलता बोलता समोर धूळ दिसली की तिचा हात आपोआप खिशाकडे जायचा. संग्रहालयाचा सुतार म्हणायचा, "बाई, तुमच्यासमोर फार वेळ उभं राहायला भीती वाटते. घासूनपुसून माझ्यावरही नंबर टाकाल."

"तुझ्यावर कसला नंबर टाकू? तू कुठं सापडलास ते तुझ्या बायकोलाही सांगता येत नाही."

ही थट्टा त्या खोलीतच समजण्यासारखी होती. तिथं प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारला जायचा, कुठं सापडली?

खोली तळमजल्यावरची, लांबट, एका बाजूला उंच खिडक्या, बाकी तिन्ही भिंतींना लाकडी कपाटं. कपाटांच्या उथळ खणांमध्ये दगड झालेले समुद्री जीव ओळीनं मांडलेले होते. शिंपल्या, शंख, समुद्रकिड्यांचे ठसे, माशांचे दात, आणि सगळ्यात जास्त अमोनाइट. गोगलगायीसारखं वळत गेलेलं कवच, आत भिंती घालून केलेले कप्पे. खोलीत त्यांना वेटोळी म्हणत. शहराभोवतीच्या खाणींच्या जागी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्याचा हा उरलासुरला संसार.

हा संग्रह दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरानं जमवलेला. खाणकामगारांवर तो इलाज करायचा आणि फीच्या बदल्यात वेटोळं घ्यायचा. कामगारांनाही ते बरं पडायचं, दगडाला काय तोटा. पण डॉक्टर एका बाबतीत कडक होता. कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, हे सांगितल्याशिवाय तो दगड घ्यायचा नाही, आणि घेतला की तिथल्या तिथं चिठ्ठी करून चिकटवायचा. तीच शिस्त पुढं संग्रहालयानं चालवली. नाव चुकलं तर पुढचा माणूस पुस्तक बघून दुरुस्त करतो, ठिकाण चुकलं तर ते जगात कोणालाच दुरुस्त करता येत नाही, असं जुनी माणसं नव्यांना सांगायची.

ब्रशबाईचं काम या संग्रहाची सूची करण्याचं. दगड पुसायचा, कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईनं क्रमांक घालायचा, मग सूचीत नाव, ठिकाण, थर, कोणी गोळा केला. माहीत नसेल तिथं रेघ. अंदाजानं एक अक्षर लिहायचं नाही. लग्नाआधी ती या कामाला लागली आणि तिच्या डोक्याचे केस पांढरे झाले तरी कपाटं संपली नव्हती.

संपली नव्हती, पण आता संपवावी लागणार होती. इमारतीच्या तुळया पोखरल्या होत्या. संग्रह नव्या जागेत हलवायचा होता आणि नवी जागा लहान होती. नव्या मॅडमनी, म्हणजे वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या संग्रहपालांनी, तिला बोलावून समोर बसवलं.

"ताई, मला हे आवडतंय असं समजू नका. पण कपाटं निम्मीच मिळाली आहेत. ज्याचं ठिकाण माहीत नाही, त्याचा अभ्यासाला उपयोग नाही. ते नमुने आपण नेत नाही."

"त्यांचं काय करणार?"

"बाहेर विकले जाऊ नयेत म्हणून फोडून भरावात टाकायचे. तसा नियमच आहे."

ब्रशबाईनं मान हलवली. नियम तिला माहीत होता आणि चुकीचाही वाटत नव्हता. फक्त तळाच्या खणात एक ट्रे होता आणि त्याच्या समोर सूचीत रेघ होती. त्या ट्रेबद्दल सुताराला माहीत होतं. मॅडमना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

ट्रेमध्ये नऊ वेटोळी होती. अख्ख्या संग्रहात इतकी स्वच्छ वेटोळी दुसरी नव्हती. कवचावरची रेघ न् रेघ मोकळी, तोंडात मातीचा कण नाही, मधल्या खळग्यात टाचणीनं कोरून कोरून काढलेली माती. ती तिनंच स्वच्छ केली होती, अठरा-वीस वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी.

तिचा नवरा याच संग्रहालयातला. खाणीखाणींतून फिरून नमुने आणणं हे त्याचं काम, म्हणून त्याला फिरस्ता म्हणत. त्याची आठवण दांडगी होती. एकदा पाहिलेली खाण तो विसरत नसे, आणि तेच पुढं मुळावर आलं. तो जागेवर चिठ्ठ्या लिहायचा नाही. दगड पोत्यात भरायचा, घरी आल्यावर पोतं ओतून एकेक उचलायचा आणि ती लिहून घ्यायची. यावरून दोघांची रोजची भांडणं.

"तिथल्या तिथं दोन शब्द लिहायला तुमचे हात झडतात का?"

"अगं, सगळं इथं आहे." तो कपाळावर टिचकी मारायचा. "तुझ्या कपाटात नसतील इतके कप्पे आहेत यात."

"आणि हे कपाट एखाद्या दिवशी घरी आलंच नाही तर?"

"तर तू दुसरं कर. सुतार आहेच."

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता, विहिरी आटल्या होत्या. दुपारी उशिरा एका ट्रकवाल्यानं संग्रहालयाच्या फाटकापाशी पोतं आणून टाकलं. साहेब खाणींच्या नाक्यावर उभे होते, म्हणाले हे सगळं एकाच खाणीतलं आहे, पोचव, मी तिथंच अजून एक चक्कर मारून येतो, असं त्यानं सांगितलं. यात नवीन काही नव्हतं. फिरस्त्याची एक चक्कर नेहमीच उरलेली असायची. ब्रशबाईनं पोतं मागच्या नळावर नेलं, दगड टबात टाकले आणि घासायला बसली. उद्या तो आल्यावर सगळं मांडून ठेवलेलं दिसावं, त्यानं फक्त ठिकाण सांगावं. तिला त्या कामाची गोडी होती. एरवी चिखलाचा गोळा असलेलं काहीतरी हातात उघडत जातं, ते सुख वेगळंच. अंधार पडेपर्यंत तिनं नऊच्या नऊ लख्ख केली, टब नाल्यात उपडा केला, पोतंही झटकून धुऊन वाळत घातलं.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. नाक्यावरून चारी बाजूंना खाणींचे रस्ते फुटत होते, चालू, बंद, अर्धवट. शोधणाऱ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, दगडांना माती कसली होती?

"तपकिरी," ती म्हणाली. पाणी तपकिरी झालं होतं हे तिला नक्की आठवत होतं.

तपकिरी माती विटांच्या खाणींत मिळते. सगळी माणसं तिकडं गेली. कडे पाडून, ढिगारे उपसून पाहिलं. बाकीच्या खाणींच्या काठावर एकेक माणूस जाऊन हाका मारून आला. पुढं पुष्कळ दिवसांनी तो ट्रकवाला भेटला तेव्हा बोलता बोलता म्हणाला की त्या दिवशी त्याच्या ट्रकमध्ये विटांचीच माती भरली होती, पोतं त्यानं त्या मातीवर फेकलं होतं. म्हणजे तपकिरी रंग ट्रकचा होता. दगडांचा कोणता होता?

हा प्रश्न मग तिच्या पानावर वाढला गेला तो कायमचा. तपकिरीच्या खाली दुसरा एखादा रंग उतरला होता का? टब उपडा करताना शेवटचं पाणी कसं दिसलं? ती डोळे मिटून तो टब बघायची आणि प्रत्येक वेळी पाणी तपकिरीच असायचं. पाण्यात कालवली की कुठलीही माती तपकिरीच दिसते.

वेटोळ्यांच्या आत, बंद कप्प्यांमध्ये, कधीकधी त्या काळची माती अडकून राहते. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. बहुतेक कप्प्यांत स्फटिक भरलेले असतात, पण एखाद्यात चिमूटभर माती असते. ती पाहायची तर वेटोळं फोडावं लागतं. तिनं फोडलं नाही. त्याच्या हातून आलेलं शेवटचं तेवढंच होतं, आणि आत काही नाही निघालं तर? दरवर्षी ती ट्रे काढायची, मऊ ब्रशनं पुसायची आणि परत सरकवायची.

घरी ती आणि सासू, दोघीच. म्हातारीची नजर गेल्यात जमा होती, जीभ मात्र शाबूत. मुलगा मेला हे तिनं कधी मान्य केलं नाही. "लहानपणापासून न सांगता जायची खोड आहे त्याला. येईल." आणि चिडली की सुनेला म्हणायची, "धुऊन टाकलंस गं पोरगं माझं." आधी आधी ब्रशबाई रडायची. मग ऐकून घ्यायची. आता तिला ते वाक्य भांड्यांच्या आवाजासारखं झालं होतं. पण मॅडमशी बोलणं झालं त्या संध्याकाळी सासूची नखं कापता कापता तिनं स्वतःहूनच विषय काढला.

"आई, ते नऊ दगड टाकून देणार आहेत."

म्हातारीनं हात आखडून घेतला. "टाकून देणार? त्यांच्या बापाचे आहेत का?"

"संग्रहालयाचे आहेत."

"मग घरी आण."

"आणता येत नाहीत. सुतार म्हणतो, हत्यारांच्या पिशवीतून काढून देतो."

"त्याचं ऐक मग. इतकी वर्षं राबलीस तिथं, एक खडा घरी आणला नाहीस. राजा हरिश्चंद्राची नातच लागून गेलीस मोठी."

ब्रशबाईनं तिचा हात परत मांडीवर घेतला. "आई, फोडले तर कळेल कदाचित."

"काय कळेल?"

"कुठले आहेत ते. आत माती असली तर."

एका बोटाचं नख कापून झालं, दुसऱ्याचं झालं.

"फोडायचं नाही," म्हातारी म्हणाली. "मला काही कळून घ्यायचं नाही. आधी धुतलंस, आता फोडायला निघालीस. माझं म्हणून काही शिल्लक ठेवणार आहेस का नाही?"

दुसऱ्या दिवशी मॅडम नव्या जागेच्या पाहणीला गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत सुतार मोठी कॅनव्हासची पिशवी घेऊन आला. "बाई, आणा तो ट्रे. फाटकावरचा पहारेकरी माझ्या पिशवीत कधी बघत नाही. बघितलं तर म्हणेन घरी वरवंटा हवा होता."

ब्रशबाईनं ट्रे टेबलावर ठेवला, शेजारी वाळूची उशी ठेवली. "तुझा लहान हातोडा दे. आणि छिन्नी."

"हातोडा कशाला?"

तिनं नुसता हात पुढं केला. सुतारानं एकदा ट्रेकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "अहो बाई, न्यायचंय ना घरी? म्हातारी वाट बघत असेल."

"घरी नेलं तर आमच्याकडे नऊ दगड होतील. ते काय बोलणार आहेत?"

तडा गेलेली वेटोळी तिनं आधी घेतली. तड्यातून माती आत शिरण्याचा संभव जास्त, हा साधा विचार. छिन्नी शिवणीवर टेकवली आणि हातोड्याचा एक नेमका घाव घातला. वेटोळं दोन फाकांत उघडलं. आत सगळ्या कप्प्यांत पांढरे स्फटिक, जाड साखरेसारखे चमकणारे. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात पिवळसर, पण स्फटिकच. चौथं फुटताना नीट फुटलं नाही, त्याचे चार तुकडे झाले आणि एक टेबलाखाली गेला. सुतारानं वाकून तो उचलला, हातरुमालानं पुसला आणि तिच्यासमोर ठेवला.

"बास करा आता," तो म्हणाला. "उरलेली तरी न्या."

"अर्धं विचारून काय उपयोग?"

पाचवं, सहावं, सातवं. दर घावाला तिला वाटे, आता थांबावं. पण जितकी फुटत गेली तितकं थांबणं महाग होत गेलं. आठव्यात काही नव्हतं. शेवटचं सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं. त्यावर एक चरा नव्हता, म्हणूनच ते मागं राहिलं होतं. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं, ओठ घट्ट मिटले आणि उशीवर ठेवलं. सुतार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मधल्या वळणाजवळच्या एका कप्प्यात मसुरीएवढा कण होता. स्फटिक नव्हता. ब्रशबाईनं बोट ओलं करून टेकवलं आणि उजेडात धरलं. बोट हिरवट झालं होतं, शेवाळल्यासारखं.

तिला सूची बघावी लागली नाही. तिसऱ्या कपाटाचे वरचे खण तिनं स्वतः लावले होते. तरी ती उठली, डॉक्टरांचं एक वेटोळं घेऊन आली आणि त्याच्या तोंडातल्या मातीला दुसरं बोट लावलं. दोन्ही बोटं शेजारी धरली. एकच रंग. डॉक्टरांच्या त्या सगळ्या वेटोळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता आणि तो तिनं शेकडो वेळा उतरवून काढला होता. जुनी खाण, तळाचा हिरवा थर. तळ कोरडा पडतो त्याच उन्हाळ्यात हाती लागतो.

जुनी खाण नाक्याच्या पलीकडची. तिच्यात बारा महिने पाणी असायचं, म्हणून तिथं कोणी उतरलं असेल हे त्या वेळी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एक माणूस अंधार पडल्यावर काठावर जाऊन हाक मारून आला होता.

"पाणी होतं ना हो तिच्यात?" सुतारानं विचारलं. "बुडाले असतील."

"पाणी असतं तर हा थर मिळालाच नसता. त्या उन्हाळ्यात तळ कोरडा होता."

"मग?"

"मग कडा आला असेल अंगावर. नाहीतर वर चढता आलं नसेल."

कडा आला असेल तर एका क्षणाचं काम. वर चढता आलं नसेल, पाय मोडून पडला असेल, तर सगळी माणसं पलीकडं विटांच्या खाणी उपसत होती तेव्हा तो तळाशी बसून काय करत होता? काठावरची हाक त्याला ऐकू आली असेल का, आणि त्यानं ओ दिली असेल का? हा हिशेब तिला करायचा नव्हता, पण तो तिच्या डोक्यात आपला आपण होत राहिला.

मॅडम परतल्या तेव्हा टेबलभर तुकडे होते. "हे काय केलंत तुम्ही? मी अजून यादीवर सही केलेली नाही! संग्रहातला नमुना असा... ताई, तुम्ही? निदान तुम्ही?"

"ठिकाण मिळालं, मॅडम," ब्रशबाई म्हणाली. तिनं हिरवा कण काचेच्या कुपीत ठेवला होता. तो पुढं केला आणि खुर्चीवर बसली. बाकीचं सुतारानं सांगितलं, जमेल तसं, मध्ये मध्ये खाकरत. मॅडम कुपी हातात धरून उभ्या होत्या. सांगून झालं तरी उभ्याच राहिल्या.

"मला वर लेखी कळवावं लागेल," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे तुकडे नव्या जागेच्या ट्रकमध्ये जातील. ठिकाणासकट आलेला तुकडा अख्ख्या दगडापेक्षा मोलाचा. तुम्हाला मी काय सांगू. नोंद करा."

ब्रशबाईनं नोंद केली. अमोनाइट, नऊ नमुने, फुटलेले. जुनी खाण, तळाचा हिरवा थर. कोणी गोळा केले, या रकान्यात नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर हललं नाही.

घरी जाताना ती नाक्यावर उतरली. जुनी खाण आता राहिली नव्हती. पाडलेल्या घरांचा राडारोडा आणि शहराचा कचरा टाकून ती केव्हाच बुजवली होती, वरून रोलर फिरवून ट्रक उभे करायची जागा केली होती. ट्रकखाली तेलाचे डाग पडले होते. एक क्लीनर चाक बदलत होता.

"कोणाला बघताय, मावशी?"

"कोणाला नाही," ती म्हणाली.

सासू दाराकडं तोंड करून बसली होती. पावलं ओळखून तिनं हात पुढं केला आणि सुनेच्या खांद्याशी चाचपलं. नेहमीची पर्स सोडून दुसरं काही लागलं नाही.

"आणले नाहीस."

"फोडले."

"सगळे?"

"सगळे."

म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला, मग मांडीवर आला. ती शिव्या देईल, भिंतीवर डोकं आपटेल, असं ब्रशबाईला वाटलं होतं. पण तिनं नुसतं विचारलं, "कुठला निघाला?"

"जुन्या खाणीतला. नाक्याच्या पलीकडच्या."

"ती होय." म्हातारीचे ओठ थोडा वेळ नुसतेच हलले. "मी बघितली आहे ती. काळंभोर पाणी असायचं. असायचं ना?"

ब्रशबाई तिच्यासमोर उभी होती. बोटांच्या रेघांत हिरवा रंग अजून होता, तो म्हातारीला दिसण्यासारखा नव्हता.

"असायचं."

"तेव्हाही होतं?"

"होतं, आई."

"खोल?"

"खूप खोल."

"त्याला पोहता येत नव्हतं."

"नव्हतं येत."

"म्हणजे फार वेळ नसेल लागला."

"नाही. लगेच झालं असणार."

म्हातारीनं मान हलवली, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, "तरी तू धुवायला नको होतंस."

"नको होतं, आई."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती म्हातारी मुलासाठी रडली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून. ब्रशबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला स्वतःला रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्या पोचल्या तिनं सुताराला गाठलं. तो खोकी बनवत होता.

"घरी आलास कधी आईंना भेटायला, तर खाणीत पाणी होतं म्हण. भरपूर होतं म्हण."

सुतारानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "काठोकाठ होतं म्हणेन," तो म्हणाला आणि पुढचा खिळा ठोकायला लागला.